हळदीची चौथी डिस्क

प्रकाश, तू मला फसवलंस. चार वर्षं फसवलंस. माझ्याच घरात, माझ्याच चहाचा कप हातात धरून, माझ्या डोळ्यांत बघून फसवलंस. परवा तुझ्या तेराव्याला तुझ्या सुमनने माझ्या हातात पिशवी ठेवली तेव्हा मला हे कळलं. तेव्हापासून तुझ्यावर चिडावं की तुझ्यासाठी रडावं, हे ठरत नाही. आज चिडतो. रडणं काय, होत राहील.

मला फसवणं सोपं नाही, हे तुला माहीत होतं. टेम्पोतून पुठ्ठ्याचे गठ्ठे उतरवता उतरवता मी पिंपळगावात द्राक्षाच्या खोक्यांचा धंदा उभा केला. पुठ्ठा दोन बोटांत दाबला की तो किती वजन सोसेल ते मी सांगतो. समोरचा माणूस ‘शेवटचा भाव’ म्हणतो तेव्हा तो खरंच शेवटचा आहे का, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. अशा माणसाला त्याच्या बायकोच्या धाकट्या भावाने गुंडाळलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मीटर तपासणाऱ्या, भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही लाजणाऱ्या तुझ्यासारख्याने. कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही.

तो व्हीसीडी प्लेअर घरात आला तेव्हा तूच पहिल्यांदा जोडून दिलास. सहा महिन्यांत त्याचा कप्पा बाहेर यायचा बंद झाला. मी वरून दोन थपडा मारल्या होत्या. तू ड्युटी संपवून आलास, आधी भिंतीतली पिन काढून परत बसवलीस आणि मला शिकवलंस, “दाजी, आधी साधं बघायचं. लाईट आहे का, वायर नीट बसलीय का. मग दुसरी डिस्क घालून बघायची. स्क्रू-ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.” मग मागचं झाकण काढलंस आणि एकेक स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवत गेलास. आतून करंगळीत बसेल एवढा रबरी पट्टा निघाला. कप्पा पुढेमागे सरकवणारा तोच. सैल पडला होता.

“ताई, चहाचं पातेलं दे.”

“कशाला?”

“पट्टा उकळायचाय. उकळला की आकसतो.”

“माझ्या चहाच्या पातेल्यात? पक्या, आई असती तर मुस्काटात दिली असती तुझ्या.”

“आई असती तर तिने पातेलं दिलं असतं. तूच दाजींच्या संगतीने कंजूष झालीस.”

मंगलने पातेलं दिलं. त्या दिवशी रबराच्या वासाचा चहा आपण तिघांनी प्यायलो आणि तिने भावाचं सगळं खानदान उद्धारलं, स्वतःसकट. कप्पा मात्र सुरळीत बाहेर आला. ती त्याच्यापुढे टाळ्या वाजवत होती, हे मला आता आठवतं. तेव्हा बघितलं की नाही, कोण जाणे.

दुसरा बिघाड तिनेच केला. दसऱ्याला आमच्याकडे वजनकाट्यापासून टेम्पोपर्यंत सगळ्याची पूजा होते. त्या वर्षी तिने प्लेअरलाही झेंडू वाहिला आणि वर चिमूटभर कुंकू. ते वरच्या फटींतून आत गेलं. पूजा झाली आणि प्लेअर एकही डिस्क घेईना. तू उघडलंस, आत बॅटरी मारलीस आणि हसत सुटलास.

“ताई, लेन्सला कुंकू लागलंय. हिचं लग्न लावलंस की काय कुणाशी?”

“वर्षभर राबते ती आमच्यासाठी. तिला नको का मान?”

कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून, फुलपाखराच्या पंखाला हात लावावा तशी तू ती लेन्स पुसलीस. आणि म्हणालास, “मशीनची पूजा बाहेरून करा. आत काही जाऊ देऊ नका.” हे तू आम्हा दोघांना बजावलंस. माझ्या नीट लक्षात आहे. मशीनच्या आत, असं म्हणाला होतास तू. एवढंच म्हणाला होतास.

मग आमच्या पोरीचं, वैशालीचं लग्न. शूटिंगवाल्याला मी आपल्या अंगणात खाटेवर बसवून तासभर पिळला. लग्नाच्या तीन डिस्कचा भाव ठरला. मी म्हटलं, आदल्या दिवशीची हळद फुकटात शूट करायची, तिची चौथी डिस्क फुकट द्यायची, आणि मला कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट नको, तेव्हा कॅसेटचे पैसे धरायचे नाहीत. तो नाही नाही म्हणत कबूल झाला. तू मांडवाच्या दिव्यांची माळ खांद्यावर टाकून शेजारी उभा होतास. हळूच म्हणालास, “दाजी, द्या की त्याला थोडे. फुकटात तो कसली डिस्क देईल?”

“तू मीटरचे काटे बघ. धंदा मला शिकवू नको.”

तू हसलास आणि स्टुलावर चढलास. हा आपला वाद तेव्हापासून तसाच पडून आहे. पुढे कितीदा तरी मी लोकांना ती चौथी डिस्क दाखवून सांगितलं, ही फुकट काढली. तू दर वेळी तिथे असायचास आणि दर वेळी गप्प बसायचास.

शूटिंगवाल्याने कामही भावाप्रमाणेच केलं. पहिल्या तीन डिस्कना छापील वेष्टनं, आत सगळीकडे गाणी भरलेली. मंगल त्यांत शालू नेसून इकडून तिकडे जाते, रडते, हात जोडते, तोंड हलवते, पण ऐकू येतात ती दुसऱ्याच बाईची गाणी. चौथी डिस्क साधी, वर मार्करने ‘हळद’ लिहिलेली. फुकटची म्हणून तिच्यावर त्याने गाणी भरायचे कष्टच घेतले नव्हते. त्यामुळे अंगणात जे जे बोललं गेलं ते तसंच राहिलं. भांडी, पोरांचा गोंधळ, बायकांच्या थट्टा आणि मंगल. प्रकाश, तुझ्या बहिणीचा आवाज या जगात एकाच ठिकाणी होता, आणि ती जागा मी फुकटात मिळवली होती.

ती डिस्क मी एकदाच बघितली. लग्नानंतर सगळे बसलो होतो. हंगाम संपला होता, खोक्यांची वसुली अडकली होती आणि मी फोनवर कुणाला तरी झाडत होतो. मंगल म्हणाली, “अहो, फोन ठेवा, बघा तरी.” मी म्हटलं, “बघतोय.” बघत नव्हतो.

तीन वर्षांनी ती गेली. ते लिहीत नाही. दवाखान्याच्या त्या बाकावर तू माझ्या शेजारी होतास.

नंतर ती डिस्क लावायची माझी हिंमत होईना. देवघरात तिच्या फोटोमागे ठेवून दिली. तिच्या माघारी पहिला दसरा आला. काट्याची पूजा केली, टेम्पोची केली. मग वाटलं, वर्षभर जी आपल्यासाठी राबली तिला मान नको का? चौथी डिस्क काढली, कुंकू पाण्यात कालवलं आणि डिस्कच्या वरच्या बाजूला अंगठ्याने ठसठशीत टिळा लावला. सवाष्ण गेली होती ती. मशीनच्या आत काही जाऊ देऊ नका, असं तू म्हणाला होतास. डिस्कचं काही म्हणाला नव्हतास.

वर्षश्राद्धाला घर भरलेलं होतं. जेवणं झाल्यावर वैशाली म्हणाली, “बाबा, आज लावू या का हळदीची? आईचा आवाज ऐकायचाय.” मी डिस्क काढली. टिळा वाळून पापुद्रा झाला होता. ओल्या पंच्याने जोर लावून खसाखसा पुसला. पंच्याला थोडी चंदेरी चमक लागली. कुंकवात भेसळ असणार, हल्ली कशात नसते, असं मनात म्हटलं आणि डिस्क कप्प्यात ठेवली.

वीस मिनिटं चित्र स्वच्छ होतं. मांडव, पाट, उखळ. मग मंगल स्वयंपाकघराच्या दारातून हळदीची पितळी वाटी घेऊन बाहेर आली. तिच्या डाव्या अंगाला तू स्टुलावर दिवे बांधत होतास. ती थांबली. कॅमेऱ्याच्या मागे मी उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, तुम्ही पण...”

आणि चित्र फुटलं. अर्ध्या चेहऱ्याचे चौकोन झाले, अर्धा चेहरा तसाच राहिला. आवाजाची घरघर झाली आणि सगळं थिजलं.

सगळे एकदम बोलायला लागले. लेन्स पुसा, हलवून बघा, परत लावा. तू उठलास. कप्पा उघडून डिस्क काढलीस आणि ट्यूबलाइटपुढे धरलीस. क्षणभरच. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागलास. तुझ्याच शिकवणीप्रमाणे मी तोवर दुसरी डिस्क घातली होती. ती लागली.

“ही तर लागते रे!”

“ती कंपनीची आहे, दाजी. घरी बनवलेली डिस्क वाचायला लेन्सला जास्त ताकद लागते. लेन्स थकलीय.”

नंतर मी मेन रोडवरच्या दोन मेकॅनिकना विचारलं होतं. दोघे म्हणाले, होय, असं होतं खरं. म्हणजे मला फसवायला तू बोललास तेही खरंच. आमच्या धंद्यात याला मोठी अक्कल लागते.

मग सुरू झाले तुझे रविवार. दर रविवारी यायचास, झाकण काढायचास, स्क्रू ट्रेमध्ये ओळीने लावायचास. काडीने लेन्स पुसायचास. आतला एक बारीक स्क्रू केसभर फिरवायचास आणि सांगायचास की याने लेन्सची ताकद वाढते. डिस्क लावायचो. आधी वीस मिनिटं दिसायची, मग दहा, मग एका रविवारी पडद्यावर नुसतं ‘नो डिस्क’ आलं. “बघू, पुढच्या रविवारी,” तू म्हणायचास. तोवर चहा झालेला असायचा, दोन घास खाऊन जा म्हणून मी तुला अडवायचो आणि तुझ्या निमित्ताने मीही जेवायचो. रविवारी त्या घरात माणसाचा आवाज असायचा. याबद्दल तुझे आभार मानायचे की नाहीत, ते मला समजत नाहीये. मानतो. पण ते आभार खोट्यापायी मानतोय, हे लक्षात ठेव.

मधे मी त्या शूटिंगवाल्याकडे गेलो. म्हटलं, हवे तेवढे पैसे घे, हळदीची कॅसेट दे.

“शेठ, ती कॅसेट तेव्हाच दुसऱ्या लग्नाला वापरली. तुम्हीच म्हणालात ना, कॅसेट नको. तुमचे मेहुणे पण येऊन विचारून गेले.”

मी तुला बोललो नाही, घरीही कुणाला बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होतो? पण मेहुणे येऊन गेले, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. लेन्स थकली असेल तर माणूस कॅसेट शोधत कशाला फिरेल? दुसऱ्याच्या मानेवरून भाव ओळखणारा मी. एवढं मला कळू नये?

तिसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटलो. नवीन लेन्स आण म्हटलं. तू आणलीस, बसवलीस. डिस्क लागली नाही. कशी लागणार होती? त्यात कुणीतरी कानाशी लागलं की हे हौशी मेकॅनिक ओरिजिनल लेन्स काढून विकतात आणि डुप्लिकेट घालतात. मला तेवढं पुरलं.

तुझ्या थोरल्याचा साखरपुडा होता, नाशिकरोडच्या हॉलमध्ये. तू पेढ्यांचं ताट घेऊन व्याह्यांच्या पंगतीत फिरत होतास. माझ्यापुढे आलास आणि मी उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोललो, “बहिणीच्या आवाजातसुद्धा कमिशन खाल्लंस ना रे? ओरिजिनल लेन्स कितीला विकलीस?”

सुमन तावातावाने पुढे आली. तू तिचं मनगट धरलंस. ताट तुझ्या दुसऱ्या हातात होतं, हललंसुद्धा नाही.

“दाजी, लेन्स डुप्लिकेट लागली. चूक माझी आहे. पेढा घ्या.”

मी पेढा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी प्लेअर आणि ती डिस्क एका खोक्यात घालून रिक्षाने तुझ्या घरी पाठवली. निरोप दिला, भंगारात घाल. तेव्हापासून दोन वर्षं आपण बोललो नाही. वैशालीकडून तू दोनदा विचारलंस, दाजी जेवतात का नीट? मी म्हटलं, चोराला सांग, जेवतो. तुला अग्नी दिला तेव्हा मी गर्दीच्या मागे उभा होतो, आणि लोकांनी वाट करून दिली तरी पुढे आलो नाही.

पिशवीत प्लेअर होता, डिस्क होती आणि तुझी वही. प्लँटवर ठेवतात तशी वही तू घरच्या दुरुस्त्यांचीही ठेवायचास, हे मला माहीत नव्हतं. सुमनने पान काढूनच दिलं. तुझं ते टपोरं अक्षर.

“दाजींचा प्लेअर. तक्रार: हळदीची डिस्क अर्ध्यात थांबते. तपासणी: प्लेअर ठीक, लेन्स ठीक. कारण: डिस्कचा चंदेरी थर कुंकवाखाली सुटला, पुसताना निघाला. उजेड आरपार दिसतो. उपाय: नाही. दाजींना सांगायचं नाही.”

खाली वेगळ्या शाईने: “कॅसेटही नाही.” आणि त्याखाली: “कॉलेज रोडला कॉम्प्युटरवर दाखवली. पुढचं निघत नाही.”

मी डिस्क खिडकीशी धरली. मंगलला लावलेल्या टिळ्याच्या जागी माझ्या अंगठ्याएवढं भोक आहे. त्यातून समोरच्या घराची गच्ची दिसते.

सुमन म्हणाली, “भाऊजी, मी किती वेळा म्हटलं, सांगून टाका. साखरपुड्यानंतर तर भांडले मी. ते म्हणायचे, मला शिव्या देतात तोवर ठीक आहे. स्वतःला द्यायला लागले तर जेवायचेसुद्धा नाहीत.”

वैशालीला फोन करून मी मालेगावहून लग्नाच्या तिन्ही डिस्क मागवल्या. त्याही कंपनीच्या नव्हेत, शूटिंगवाल्याने घरी बनवलेल्याच. तू बसवलेल्या त्या ‘डुप्लिकेट’ लेन्सवर तिन्ही लागल्या, एकदाही न अडखळता. मंगल शालू नेसून इकडून तिकडे गेली, तोंड हलवत.

आता ऐक. माझ्या वाटणीचं मी नाकारत नाही. भाव मी पाडला. कॅसेट मी सोडली. टिळा मी लावला आणि पुसलाही मीच. हे सगळं माझ्या नावावर मांड. पण ते मांडायचा हक्क माझा होता, तो तू काढून घेतलास. कुणी सांगितलं होतं तुला? मी मोडून पडलो असतो तर पडलो असतो, पण तुझ्या व्याह्यांसमोर तुला चोर म्हणालो नसतो. तू मला बायकोचा आवाज पुसणारा होऊ दिलं नाहीस, आणि त्याऐवजी काय केलंस? भरल्या हॉलमध्ये देवमाणसाच्या तोंडाला काळं फासणारा करून ठेवलंस. तो शब्द मला परत घ्यायचा तर तू मागे उरलाही नाहीस. हा कुठला व्यवहार?

आणि हेही तुझ्या लेखी किरकोळ असेल, पण माझ्या लेखी नाही. ती दारात उभी राहून मला काहीतरी म्हणाली होती. मी तिथेच होतो आणि मी ऐकलं नाही, बहुतेक शूटिंगवाल्यावर ओरडत असेन. नंतर दाखवली तेव्हा फोनवर होतो. वैशालीला विचारलं. म्हणाली, “बाबा, माझ्या डोळ्यांत हळद गेली होती, मला काही आठवत नाही.” पण तू तिच्यापासून हातभर अंतरावर होतास, स्टुलावर. तिचं बोलणं ऐकून तू वरून हसलास, हे त्या शेवटच्या चित्रात दिसायचं. मी इतक्या रविवारी तुला विचारलं नाही, कारण मला वाटायचं, डिस्क लागली की तिच्याच तोंडून ऐकू. डिस्क लागणार नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग तू सांगायला हवं होतंस. एक वाक्य. चहा पिता पिता सांगता आलं असतं. तुझी वही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीनदा वाचली. कुणाच्या मिक्सरच्या मोटरचा कार्बन बदलला तेही आहे. ते वाक्य नाही.

बाकी सगळं मी सोडतो. हे सोडणार नाही. प्रकाश, ती माझ्याशी बोलली होती, तुझ्याशी नाही. जे माझं होतं ते तू घेऊन गेलास. याचा जाब तुलाच द्यावा लागेल, दुसरा कुणी उरलेला नाही. सांग. “अहो, तुम्ही पण...” पुढे काय म्हणाली ती?